लेखांक पाचवा : कोरड्या श्वानखाद्याची बेगमी

मागील लेखांकात पिशवीवरील मजकूर कसा वाचावा हे पाहिले. ती पिशवी घरी आल्यावर तिची तजवीज कशी लावावी, हा आजचा विषय. धान्याच्या बेगमीचा आपला शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे, गहू-तांदळाला जे मानवते तेच या दाण्यांनाही मानवेल अशा समजुतीने पिशवी येताच फोडली जाते, आतला जिन्नस डब्यात ओतला जातो आणि श्रावणात त्याला किंचित ओल जाणवली की परातीत पसरून ऊनही दाखविले जाते. हेतू निर्दोष असला, तरी दोन्ही उपचार घातक आहेत.

गव्हाचा अल्पसा स्निग्धांश टरफलाआड सुरक्षित असतो. श्वानखाद्याचा दाणा मात्र उष्णतेने व दाबाने यंत्रातून फुलवून, वाळवून, त्यावर चरबीचा फवारा मारून सिद्ध केलेला असल्यामुळे त्याचे तेल बाहेरच्या अंगाला उघडेच राहते. अखंड शेंगदाणे टिकतात आणि त्यांचाच कूट लवकर खवट होतो, हे ज्या गृहिणीने अनुभवले आहे तिला अधिक सांगणे न लगे. हवा, उष्णता आणि प्रकाश ही खवटपणाची तीन कारणे, आणि ऊन दाखविणारा गृहस्थ ती तिन्ही एकदम हजर करतो! डब्याचा दोष याहून सूक्ष्म आहे. जुन्या चरबीचा पातळ लेप त्याच्या तळाला नि कडांना चिकटून राहतो, खवट होतो, आणि त्याच चुऱ्यावर नवी पिशवी रिती केली की ताज्या मालालाही तो दोष लागतो.

म्हणून दाणे मूळ पिशवीतच ठेवावेत, कारण तिचे अस्तर याच कामासाठी केलेले असते. आतली हवा दाबून काढावी, तोंड गुंडाळून चिमटा लावावा आणि उंदीर-मुंग्यांच्या बंदोबस्तासाठी ती पिशवी सबंध डब्यात उभी करावी. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन २७ अंश सेल्सिअसहून कमी तपमान सुचविते, जे मुंबई-कोकणातील घरांत वर्षाचा बराच काळ दुर्मीळ. तेव्हा स्वस्त पडते म्हणून वीस किलोंचे पोते आणण्यापेक्षा, उघडल्यावर सुमारे सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्यावी हे माझे मत. छापील मुदत न उघडलेल्या पिशवीची असते, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. शीतकपाटाचाही मोह नको, कारण दमट हवेत बाहेर काढताच गार दाण्यांवर दव धरते.

ओलीचे भय अधिक गंभीर आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत, अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर ॲस्परजिलस बुरशी माजली, तिच्या अफ्लाटॉक्सिन नामक विषाने यकृताचा विकार होऊन शंभरावर माणसे दगावली, आणि घरचे तेच अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही त्याच विकाराने ग्रासले. हे विष साध्या शिजविण्याने नाहीसे होत नाही, उन्हाने तर नाहीच. यास्तव ओल लागून बुरसलेले खाद्य निवडीत न बसता सरसकट टाकून द्यावे.

पिशवी ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. कुत्रे एकाएकी खाईनासे झाले किंवा वांत्या करू लागले, तर पशुवैद्य खाद्याचे नाव विचारतो आणि कंपनीकडे तक्रार गुदरायची तर उत्पादन-गटाचा क्रमांक लागतो. डब्यात ओतणाऱ्याने तो बहुधा रद्दीत घातलेला असतो. डबाबंद ओल्या खाद्याचे नियम याहून भिन्न असल्याने त्यांचा परामर्श पुढील लेखांकी घेऊ.