बंब गेला, गीझर आला



मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या वाटेला लागले की पावसाळ्यात एक गोष्ट लगेच ध्यानात येते. इथला पाऊस आडवा येतो. शेजारच्या लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा मुलखात माळ्यावर रचलेले सरपणसुद्धा सर्दावते, आणि सकाळी बंब पेटवता पेटवता घरच्या बाईचे डोळे लाल होतात. सौरबंब चांगला खरा, पण ढगांच्या दिवसांत त्याची मदत थोडीच. तेव्हा पुष्कळ घरांतून आता बंब जाऊन टाकी नसलेला झटपट गीझर आला, यात नवल नाही. सरपण वाचले, वेळ वाचला, डोळे वाचले. आज बोलायचे आहे ते एवढेच, की हा गीझर घरात कुठे बसवावा.

आधी त्याचे काम समजून घेऊ. साध्या गीझरमध्ये टाकीभर पाणी तापवून ठेवतात. ते वापरले नाही तर हळूहळू निवते आणि खर्च फुकट जातो. झटपट गीझरमध्ये साठा नसतो. तोटी उघडली की पाणी आतल्या नळीतून वाहते आणि वाहता वाहताच तापते. तोटी बंद, की आच बंद.

हा गीझर विजेचा असतो किंवा गॅसचा. हिशेब करून पाहा. पंधरा लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायची, तर सुमारे 0.35 युनिट वीज लागते. तीन किलोवॅटच्या गीझरमधून असे पाणी मिनिटाला दोनच लिटर मिळते, म्हणजे बादली भरायला सात मिनिटे. त्याला 13 अँपिअर वीज लागते. म्हणून जाड तारेची स्वतंत्र लाइन, पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच ही तिन्ही हवीतच. दिव्याच्या लाइनीवर हे ओझे टाकू नये.

गॅसचा गीझर मिनिटाला सहा लिटरपर्यंत पाणी देतो. ठिणगीसाठी त्याला बहुधा बॅटरीचे दोन सेल पुरतात, त्यामुळे वादळवाऱ्यात वीज गेली तरी तो चालतो. एका बादलीला साधारण 33 ग्रॅम गॅस जळतो. चौदा किलोच्या सिलिंडरमध्ये चारशेच्या आसपास बादल्या होतात. पाण्याला दाब मात्र हवा. टाकी न्हाणीच्या छतालगत असेल तर धार मंद पडते आणि गीझर पेटतच नाही. म्हणून टाकी पुरेशी उंच आहे की नाही, ते घेण्याआधीच पाहावे.

आता मुख्य मुद्दा. आपला तांब्याचा बंब कुठे असायचा? परसात, नाही तर मागच्या पडवीत. दार लावलेल्या न्हाणीत पेटता बंब घेऊन कोणी अंघोळीला बसले नाही. कारण धूर. धूर डोळ्यांना झोंबायचा आणि माणसाला बाहेर काढायचा. गॅसच्या गीझरचा धूर दिसत नाही, म्हणून तो सुबक डबा आपण खुशाल न्हाणीच्या भिंतीवर टांगतो. पण तोही बंबच आहे! त्यातही विस्तव आहे, आणि विस्तवाला हवा लागते.

किती लागते? चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच अशी न्हाणी धरा. तिच्यात हवा 160 घनफूट. लागोपाठ चार बादल्या तापवल्या तर त्या गॅसला सुमारे 60 घनफूट हवेतला सगळा प्राणवायू लागतो. आणि पावसाची झड आत येते म्हणून आपण झरोक्यात पोते कोंबलेले असते! मग प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतली शक्ती जाते. कडी काढायला उठावे म्हटले तरी उठवत नाही. महाराष्ट्रात अशी कितीतरी माणसे, त्यांत तरुण आणि धडधाकट, बंद न्हाणीत दगावली आहेत.

तेव्हा गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेरच बसवावा. मागच्या पडवीत, उघड्या हवेत, पण झड लागणार नाही अशा भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. ‘खिडकी उघडी ठेवू की,’ असे म्हणून भागत नाही. पाऊस आला की ती कोणीतरी लावतोच. सिलिंडर उभा व मोकळ्या जागी असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, काजळी धरली, तर गीझर बंद करून कारागिराला बोलवावे. वर्षातून एकदा सफाई करावीच. बाहेर बसवायला जागाच नसेल, तर विजेचा घ्यावा.

कार्ला-भाजे भागात पुष्कळ घरांतून पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. लोहगड उतरून भिजून आलेली मुले एकामागून एक अंघोळीला जातात आणि थंडीने दार-खिडकी घट्ट लावतात. गीझर आत असेल, तर चौथ्या-पाचव्याचा जीव धोक्यात येतो. ही जबाबदारी घरधन्याची आहे.

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नये. बाहेरून गॅस बंद करावा, दार मोडावे, त्याला उघड्यावर आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घाला. ज्योत मंदावते आणि विझते. मग मुलांना विचारा, ‘तुमच्या घरचा गीझर पेल्याच्या आत आहे की बाहेर?’ मुले घरी जाऊन पाहतील, आईबापांना सांगतील. आडव्या पावसाचे दिवस लागण्याआधी हा धडा झाला, तर फार बरे.