आपली साखर समुद्रापर्यंत कशी पोचते?



गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना, भीमा या आपल्या जिल्ह्याच्या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि त्यांचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. आपली साखर मात्र उलट्या दिशेने, सह्याद्रीचा घाट उतरून पश्चिमेच्या बंदरावर जाते. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. जगात असे ३२ विकसनशील देश आहेत की ज्यांना किनाराच नाही. शेजारचा नेपाळ त्यांतलाच. त्याचा परदेशी माल कोलकात्याला उतरतो आणि तेथून रेल्वेने वीरगंजच्या कोरड्या बंदरात पोचतो. आपल्या वाटेत सरहद्द नाही एवढेच सुख. बाकी हिशेब तोच.

गट ऑफिसात सभासद विचारतात, "साहेब, साखर आपण कारखान्याच्या दारात विकतो, मग पुढच्या भाड्याचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. पण निर्यातदार आधी बंदरावरचा भाव धरतो. त्यातून ट्रकभाडे, हमाली, गोदाम, बंदराचा आकार वजा करतो आणि उरलेला भाव आपल्याला देऊ करतो. भाड्याची पावती त्याच्या नावाची, पैसे आपल्या उसाचे.

सन २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. तेवढी पूर्वी कधी गेली नव्हती. त्या वेळी विक्री विभागाच्या मंडळींबरोबर आम्हालाही न्हावा शेवा बंदर पाहण्याचा योग आला. आम्ही बेणे आणि लागणीतली माणसे, जहाज जवळून प्रथमच पाहिले! हे बंदर १९८९ साली सुरू झाले. आपल्यापासून अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

तेथे सगळा कारभार लोखंडी पेटीचा, म्हणजे कंटेनरचा. अमेरिकेत १९५६ साली मॅकलीन नावाच्या एका ट्रकवाल्याने अशा ५८ पेट्या जहाजावर चढवून पाठवल्या आणि तेथून ही पद्धत जगभर गेली. पेटी तीच राहते, वाहन बदलते. ट्रेलर, रेल्वे, जहाज. आतल्या मालाला वाटेत हात लागत नाही. वीस फुटी पेटीत पन्नास किलोची पाचशेच्या वर पोती, म्हणजे पंचवीस-सव्वीस टन साखर मावते.

आपल्यापुढे दोन वाटा असतात. रिकामी पेटी बंदरावरून कारखान्यावर आणायची, गोदामासमोर भरायची, सील ठोकायचे. माल स्वच्छ राहतो, पण पेटी रिकामी येते त्या खेपेचेही भाडे पडते. किंवा पोती ट्रकने बंदराजवळच्या गोदामात न्यायची आणि तेथे पेटीत भरायची. भाडे कमी, पण पोत्याला दोनदा जास्त हात लागतो, आकडा लागतो, पोती फाटतात. आमच्या मते चांगल्या साखरेला पहिलीच वाट बरी. पेटी भरण्यापूर्वी माणसाने आत उभे राहून दारे लावून घ्यावीत. कोठून उजेडाचा ठिपका दिसला तर ती पेटी परत करावी. आत वास आला तरी परत करावी, कारण साखर वास धरते.

त्याच हंगामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या एका लॉटमधील काही पेट्यांत वरच्या थरांची पोती भिजून साखरेचे गठ्ठे झाल्याची तक्रार आली आणि बिलातून रक्कम कापली गेली. ट्रकवाल्याची पोच चांगली, गोदामाची पोच चांगली, जहाजाचा कागदही चांगला. तीन कागद, तिघेही मोकळे. यावर तोड म्हणून देशात १९९३ साली बहुविध वाहतुकीचा कायदा झाला. त्याप्रमाणे नोंदणी झालेला एकच वाहतूकदार दारापासून परदेशी बंदरापर्यंत एकाच कागदावर जबाबदारी घेतो. माल कोठे बिघडला हे शोधत आपल्याला फिरावे लागत नाही.

पण त्या कागदानेही आपण सुटलो नसतो. कारण चौकशीत निघाले ते असे, की घाईत साखर पुरती निवू न देता पोत्यांत भरली गेली होती. गरम साखरेची वाफ रात्री पेटीच्या थंड छताला लागून थेंबथेंब खाली पडली. मालाच्या मूळच्या दोषाला वाहतूकदार बांधील नसतो. त्यात तो आठवडा जळक्या आणि शिळ्या उसाचा होता. तोडल्यावर ऊस पडून राहिला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढते. त्याचा अंश दाण्यावर राहिला तर दाणा हवेतला ओलावा ओढतो. मातीमुळे रंगही चढतो, आणि परदेशी गिऱ्हाईक आधी रंगच मोजते. गव्हाणीत पडणाऱ्या मोळीचा आणि जहाजाचा संबंध आम्हाला त्या कपातीनंतर नीट कळला. वीस वर्षे शेतकी खात्यात काढून!

आता निर्यात आपल्या मर्जीवर नाही. जून २०२२ पासून केंद्राने तिच्यावर निर्बंध घातले. २०२४-२५ साठी जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी दिली, तीही कारखानावार कोटा ठरवून. असा कोटा येतो तेव्हा दिवस थोडे असतात, गोदामात असेल तीच साखर उचलावी लागते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने कोपरगाव-शिर्डीकडील ट्रेलर कसारा घाट टाळून जाऊ शकतो. वेळ वाचतो, टोल मात्र पडतो, आणि तोही शेवटी भावातूनच जातो.

तोडणी चिठ्ठीवर तोडीची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी, मुकादम कितीही घाईत असला तरी. उसाला काडी लावून तोड केली असेल तर तेही चिठ्ठीवर लिहावे. असा ऊस त्याच दिवशी गव्हाणीत कसा घेता येईल ते गट ऑफिस पाहील.