प्रेमाच्या यातना : ज्यू चिंतन आणि किल्लारीचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो जीव गेले. पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडांमधून आम्हा भूकंपग्रस्तांत एकच प्रश्न फिरत होता : हे कुणाचे पाप? कुणी प्रारब्ध म्हणे, कुणी कोप. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा पाहतो, असे समजावणारेही भेटत. हे शेवटचे उत्तर मला सर्वांत जास्त टोचले. धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. मिळेल ते वाचत या उत्तराचा माग काढताना मी ज्यू परंपरेपाशी पोहोचलो.

ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले ‘शनिवार तेली’, मराठीच बोलत आले. त्यांची आठवणच एका आपत्तीपासून सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना त्यांनी तिथेच पुरले, अशी त्यांची पूर्वापार कथा आहे. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदवली आहे. ग्रंथ समुद्रात गेले. ओठांवर उरली ती ‘शमा’ ही प्रार्थना. देव एकच आहे, असे ती सांगते, आणि लगेच पुढची आज्ञा आहे त्याच्यावर सर्वस्वाने प्रेम करण्याची. सगळे गमावलेल्याने प्रेम कसे करावे, हा प्रश्न म्हणूनच ज्यूंना टाळता आला नाही.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या तालमूदच्या ‘बेराखोत’ या भागात त्याची चर्चा आहे. दुःख आले तर माणसाने आधी आपले आचरण तपासावे. दोष सापडला नाही, अध्ययनातही कसूर दिसली नाही, तर त्या ‘प्रेमाच्या यातना’ समजाव्यात, असे मत तिथे मांडले आहे. म्हणजे आमच्या शेडमधलेच उत्तर! पण चर्चा तिथे थांबत नाही. कोणत्या यातना प्रेमाच्या आणि कोणत्या नव्हेत, यावर पंडित वाद घालतात. आणि मग गोष्टी येतात.

राब्बी योहानान हे तिसऱ्या शतकातले गालिलीचे थोर गुरू. त्यांची दहा मुले गेली होती. दहाव्याचे हाड ते जवळ बाळगीत, असे तालमूद सांगते. ते एका आजारी विद्वानाला भेटायला जातात आणि विचारतात, या यातना तुम्हाला प्रिय आहेत का? तो म्हणतो, त्याही नकोत आणि त्यांचे फळही नको. योहानान त्याला निंदक ठरवत नाहीत, उपदेशही करत नाहीत. हात मागतात आणि त्याला उठवतात. पुढे स्वतः योहानान आजारी पडतात, तेव्हा तेही तेच उत्तर देतात, आणि दुसऱ्या गुरूला त्यांना हात द्यावा लागतो. ज्याने इतरांना उठवले त्याने स्वतःला का उठवू नये, असे तालमूदच विचारतो. त्यावर उत्तर असे की कैदी स्वतःची सुटका स्वतः करू शकत नाही.

माझ्या मते या चर्चेचे सार इथे आहे. ‘हे प्रेम आहे’ असे म्हणायचा हक्क फार तर सोसणाऱ्याला; शेजाऱ्याच्या वाट्याला येतो तो फक्त हात. मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ हेच शिकवते. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, केवळ देवाची स्तुती आहे. पण परंपरेनुसार दहा जण जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. शोक करणाऱ्याला एकट्याने देवाची थोरवी गायला लावलेले नाही.

मग देव कुठे असतो? राब्बींचे एक उत्तर असे की ‘शेखिना’, म्हणजे देवाचे सान्निध्य, हद्दपारीत लोकांबरोबरच गेले. वॉर्सा शहरात १९३९च्या बॉम्बहल्ल्यात मुलगा आणि सून गमावलेले राब्बी कालोनिमस शापिरा घेट्टोत १९४२पर्यंत प्रवचने देत राहिले. देव अंतःपुरात रडतो, या जुन्या कल्पनेचा त्यांनी आधार घेतला. १९४३मध्ये नाझींनी त्यांना मारले; जमिनीत पुरलेली प्रवचने युद्धानंतर सापडली.

मराठवाड्याला ही कल्पना समजायला जड नाही. गंगाखेडच्या जनाबाईचा विठ्ठल तिचे दळण कमी करत नाही. जात्याच्या खुंट्याला हात लावतो.

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले; गावोगावच्या माणसांनी भाकरी बांधून पाठवल्या. त्यांपैकी कुणी आमच्या पापपुण्याचा हिशेब मागितला नव्हता. देवाच्या प्रेमाचा पुरावा मागणाऱ्याला ज्यू गुरू बहुधा इतकेच विचारतील : तुमचा हात कुठे आहे?