जवसाच्या काडीतलं कापड

लिनन म्हटलं की महागडं, साहेबी थाटाचं कापड डोळ्यांपुढे येतं. ते ज्या रोपापासून निघतं, त्याच्या बियांची चटणी मात्र वऱ्हाडातल्या मंगरूळपीरच्या घराघरांत तेल घालून भाकरीशी खाल्ली जाते. ते रोप म्हणजे जवस.

सोयाबीनचा जोर वाढण्याआधी वऱ्हाडातल्या काळ्या रानात रब्बीला जवसाची पेर ठरलेली असे. सकाळी निळी फुलं उमलायची आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडायच्या. बोंडं वाळली की झोडपून बी काढायचं, काड्या मात्र उकिरड्यावर नाहीतर चुलीत जायच्या. लिननचा धागा असतो तो याच काडीच्या सालीत.

मग वऱ्हाडात लिनन का झालं नाही? आपला जवस तेलाचा. तो विरळ पेरला जातो, त्याला फांद्या फुटतात आणि उंची गुडघ्याच्या थोडी वर राहते. धाग्याचा जवस दाट पेरतात, म्हणजे तो सरळसोट मीटरभर वाढतो. त्याला थंड, दमट हवा लागते. म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमचा किनारपट्टीचा भाग त्याचं माहेर ठरला. नागपूरला तयार झालेला ‘एनएल-97’ हा वाणही बी आणि तेलासाठीच आहे.

धाग्याचा जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धाग्याची लांबी वाया जाऊ द्यायची नसते. मग तो रानातच दवात पसरून कुजवतात. आपल्याकडे अंबाडीची ताटं पाण्यात बुडवून वाख काढतात, त्यातलंच हे तंत्र. सूक्ष्मजीव सालीतला चिकट पदार्थ खातात आणि धागा काडीपासून सुटतो. पुढे काड्या ठेचून, झाडून, विंचरून लांब वाख वेगळा करतात. इजिप्तच्या ममी याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. चित्रकाराचा उत्तम कॅनव्हासही लिननचाच, आणि त्यावरच्या तैलरंगात तेल असतं तेही बहुतेकदा जवसाचंच. भारतात बंगालमधल्या रिश्रा इथे ‘जयश्री टेक्सटाइल्स’ची गिरणी लिननचं सूत काढते, पण त्यासाठीचा वाख मुख्यतः युरोपातून येतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात लिनन अंगाला सुखावतं. ते घाम झटकन शोषतं, लवकर वाळतं आणि ओलं असताना अधिकच मजबूत होतं. म्हणून शर्टाइतकंच ते पंचा, चादर आणि ताटं पुसायच्या फडक्यालाही चांगलं. खोड एकच: धाग्याला लवचीकपणा फारसा नाही, त्यामुळे चुण्या पडतात. इस्त्री कापड दमट असतानाच करावी.

दुकानात ‘लिनन’ म्हणून जे दाखवतात त्यात पुष्कळदा सुती किंवा पॉलिस्टरची भेसळ असते. ‘लिनन लूक’ लिहिलेल्या कापडात तर जवसाचा एकही धागा नसू शकतो. म्हणून पैसे मोजण्याआधी लेबल वाचा, आणि ‘शंभर टक्के लिनन’ लिहिलं असेल तरच तेवढा भाव द्या.