आतला शेक राहून जाऊ नये

शिवथर परिसरातील एका वाडीतल्या मावशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेऊन परतल्या, तेव्हा भेटायला गेलो होतो. "पंचवीस शेक झाले, आता सुटले," म्हणाल्या. मी पिशवीतले कागद चाळले. कारकुनाला शेवटची ओळ वाचल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे इंग्रजीत लिहिले होते : ब्रॅकीथेरपी दुसऱ्या केंद्रात करून घ्यावी. घरात ते कोणालाच वाचता आले नव्हते, आणि येऊन बारा दिवस उलटले होते.

भगिनींनो, या रोगात बाहेरचा शेक म्हणजे निम्मे काम. गाठीला लागेल तेवढी मात्रा बाहेरून दिली, तर लघवीची पिशवी व आतडी भाजून निघतात. म्हणून भूल देऊन योनिमार्गातून पोकळ नळ्या बसवतात. तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियमचा किरणोत्सारी कण तारेच्या टोकावरून आत जातो, काही मिनिटे थांबतो आणि यंत्रात परत येतो. हाच आतला शेक. अशा साधारण तीन-चार खेपा होतात. कण अंगात राहत नाही. घरी येऊन नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र आतला-बाहेरचा मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांत संपवावे लागतात.

अडचण पुढेच आहे. बाहेरचे यंत्र असलेल्या प्रत्येक ठिकाणी आतल्या शेकाची सोय असतेच असे नाही. इरिडियमचा जोर ७४ दिवसांत निम्म्यावर येतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी नवा कण आणावा लागतो. यंत्राचे उद्घाटन एकदाच होते. कणाच्या खर्चाची मंजुरी वर्षातून तीन-चारदा लागते. फाइल अडली की यंत्र झाकून पडते. कोबाल्टच्या कणाचा जोर निम्मा व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. लहान गावांच्या रुग्णालयांना तोच परवडेल, असे माझे मत आहे.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालचे; तिथे ही सोय आहे. त्यांचे खारघरचे केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शिवथरच्या बाईला आधी महाड गाठावे लागते, मग महामार्ग. मजुरी बुडते ती सोबतच्या माणसाचीही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची राहण्याची सोय होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवावे.

उपचार सुरू होतील त्याच दिवशी विचारा : आतला शेक इथे होतो का? नसेल, तर कुठे आणि कोणत्या तारखेला? चिठ्ठी तेव्हाच मागून घ्या.

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर लाजून घरी बसू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने व पुढील उपचाराने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

मावशींना तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मुंबईला नेले. आठ आठवडे भरायला नऊ दिवस उरले होते.