कारच्या सबवूफरला किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा? पैसे देण्याआधी हे तपासा

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाडी चालवताना मागून बेस दणकत असेल तर प्रवासाची मजाच वेगळी! पण हाच सबवूफर काही महिन्यांत बंद पडला आणि डिक्कीतून जळका वास आला, की दुकानदार म्हणतो, "भाऊ, कॉइल गेली." बऱ्याचदा दोष वूफरचा नसतो, जोडी चुकलेली असते. ही जोडी कशी जुळवायची, ते पाहू.

१) बॉक्सवरचा मोठा आकडा विसरा

बॉक्सवर "१२०० वॉट" असं ठळक छापलेलं असतं. ती असते पीक किंवा मॅक्स पॉवर, म्हणजे क्षणभर सोसण्याची क्षमता. सतत सोसण्याची क्षमता म्हणजे आरएमएस. खरेदी करताना वूफर आणि अ‍ॅम्प, दोघांचाही आरएमएस आकडाच बघा.

२) ओहम जुळले का?

अ‍ॅम्पची ताकद ओहमप्रमाणे बदलते. समजा, एखादा मोनो अ‍ॅम्प ४ ओहमला २०० वॉट आणि २ ओहमला ३०० वॉट देतो. तुमचा वूफर ३०० वॉट आरएमएसचा, पण ४ ओहम सिंगल कॉइलचा असेल तर त्याला २०० वॉटच मिळणार. तोच वूफर ४+४ ओहम ड्युअल कॉइलचा असेल तर दोन्ही कॉइल पॅरलल जोडा, २ ओहम होतात आणि पूर्ण ३०० वॉट मिळतात. सिरीज जोडल्या तर ८ ओहम होतात आणि ताकद आणखी घटते.

उलट चूकही करू नका. अ‍ॅम्पची किमान मर्यादा ४ ओहम असताना २ ओहम जोडले तर तो तापून प्रोटेक्शनमध्ये जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिक्कीत, तर आणखी लवकर!

३) कमी वॉटचा अ‍ॅम्प सुरक्षित असतो का?

आवाज मर्यादेत ठेवला तर हो. पण आवाज पुरत नाही म्हणून आपण गेन आणि बेस बूस्ट फुल करतो. मग अ‍ॅम्पचा दम संपतो आणि गोल लहरींचे माथे सपाट होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण सपाट झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा दुप्पट पॉवर असते. कॉइल जळते ती या जादा उष्णतेने. म्हणून अ‍ॅम्पचा आरएमएस वूफरइतका किंवा थोडा जास्त घ्या आणि गेन नीट लावा.

४) गेन मल्टिमीटरने लावा

गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. पद्धत अशी:

- बेस बूस्ट बंद करा, वूफरच्या वायर काढा.
- स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा.
- वॉट गुणिले ओहम करून वर्गमूळ काढा. ३०० वॉट, २ ओहम म्हणजे ६०० चं वर्गमूळ, साधारण २४.५ व्होल्ट.
- मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि तेवढा आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा.

हिशेब करताना वूफर आणि अ‍ॅम्प यांपैकी ज्याचा आरएमएस कमी, तोच आकडा धरा.

५) वायर आणि फ्यूजमध्ये कंजुषी नको

३०० वॉटचा क्लास-डी अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तरी ३७५ वॉट ओढतो. गाडी सुरू असताना १३.८ व्होल्टवर हे साधारण २७ अँपिअर झाले. यासाठी शुद्ध तांब्याची ८ गेज वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. तो नसेल आणि वायर घासून बॉडीला टेकली, तर नुसता वूफर नाही, अख्खी गाडी पेटू शकते.

६) जुना वूफर घेताय?

मल्टिमीटरने कॉइल तपासा. ४ ओहमची चांगली कॉइल साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवते. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. कोन हाताने हलके दाबा. खरखर आली तर सोडून द्या.

आणि हो, ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र धरली जाते १० ते सकाळी ६. त्यामुळे महामार्ग सोडून गावात वळलात की आवाज कमी करा.

तुमच्या वूफरवर किती ओहम लिहिलेत? खरेदीआधी तेवढं बघून घ्या, पुढचा खर्च वाचेल.