दोह्यो : कुस्तीचे मैदान आणि देवाचे ठाणे

टोकियोच्या र्‍योगोकु भागातील कोकुगिकान सभागृहात सुमोची स्पर्धा पंधरा दिवस चालते. ती सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिथे देवांना बोलावतात. जपानच्या शिंतो धर्मातल्या पुजाऱ्याची भूमिका घेतलेले पंच, म्हणजे ग्योजी, मातीच्या चौथऱ्याच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मीठ, धुतलेले तांदूळ, कोंबू हे समुद्रशेवाळ, सुकवलेला माकूल, चेस्टनट आणि काया झाडाच्या बिया पुरतात. वर साके शिंपडतात. मगच तो चौथरा ‘दोह्यो’ होतो.

ज्या देवांना आवाहन होते, त्यांत काशिमाचा देव आहे : ताकेमिकाझुची. ७१२ साली पुऱ्या झालेल्या ‘कोजिकी’ ग्रंथात त्याने दुसऱ्या देवाला झुंजीत हरवल्याची कथा येते. तलवारबाजीच्या कितीतरी दोजोंमध्ये, म्हणजे तालमींमध्येही, त्याच्याच नावाचे पट टांगलेले दिसतात. देवासमोर शरीर आणि मन स्वच्छ करून उभे राहायचे, ही शिंतोची शिकवण जपानी युद्धकलांच्या मुळाशी आहे.

सुमोत ही शिकवण डोळ्यांना दिसते. वरच्या श्रेणीचे पैलवान पाण्याने चूळ भरतात, जागा शुद्ध करण्यासाठी मीठ उधळतात, आणि दुष्ट शक्तींना दडपण्यासाठी पाय उंच उचलून जमिनीवर आपटतात. ४.५५ मीटर व्यासाच्या रिंगणात झुंज बहुधा काही सेकंदांत संपते. तिच्याआधीचा विधी मात्र मिनिटे घेतो. तालमीत उतरताना मातीला हात लावून कपाळी नेणाऱ्या आपल्या पैलवानाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. सर्वोच्च पदाचा योकोझुना कमरेला जाड पांढरा दोर बांधतो, त्यावर कागदाच्या नागमोडी पट्ट्या लोंबतात. देवळातल्या पवित्र वृक्षालाही असाच दोर असतो.

हे सारे अनादी काळापासून जसेच्या तसे आलेले नाही. पंचांचा आजचा दरबारी पोशाख १९१० सालचा. इसेच्या देवळाच्या धर्तीचे छप्पर १९३१ मध्ये आले. १९५२ मध्ये प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून छप्पर पेलणारे चारही खांब काढले आणि छप्पर वरून टांगले. खांबांच्या जागी हिरवा, तांबडा, पांढरा, काळा असे गोंडे आले. या रंगांतली दिशा आणि ऋतूंची कल्पना तर मूळची चीनची.

म्हणूनच स्त्रियांना दोह्योवर मज्जाव करणारी प्रथा अटळ मानण्याचे कारण नाही. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू शहरात भाषण करताना महापौर दोह्योवर कोसळले. त्यांचा जीव वाचवायला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगण्यात आले. नंतर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. बंदी मात्र उठली नाही. प्रेक्षकांच्या सोयीसाठी खांब हलवता येतात, तर माणसाच्या सन्मानासाठी ही प्रथाही बदलता येईल. त्याने दोह्योचे पावित्र्य उणावणार नाही, वाढेलच.